प्रथिन गळत होतं तेव्हा

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी उठले तर डोळे उघडेनात. उघडले तेही अर्धेच. पापण्या टरारून आल्या होत्या, जणू कुणी आतून पाणी भरलं असावं. जागरण झालं नव्हतं, रडले नव्हते. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, डबा उचलला आणि बाळापूरची गाडी पकडली. मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. राहायला अकोल्यात.

दुपारपर्यंत डोळे उतरायचे आणि सूज पायात यायची. चपलेचा पट्टा काढला की त्याची खूण घोट्यावर तशीच राहायची. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा. सगळे म्हणाले ॲलर्जी असेल, फवारणीचे दिवस आहेत. मी दहा दिवस डोळ्यांत थेंब घातले.

आणखी एक गोष्ट होत होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. सकाळच्या लघवीला फेस येत होता, साबणाच्या पाण्यासारखा. तो पाणी ओतलं तरी लवकर मोडत नसे. मी तो रोज पाहिला आणि रोज वर आणखी पाणी ओतलं. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी बऱ्याच शहाणपणाच्या गोष्टी सांगणार आहे. त्या वाचताना एवढं लक्षात असू द्या की वीस वर्षं प्रथिनं ओळखायची परीक्षा शिकवणाऱ्या बाईनं स्वतःच्या न्हाणीघरात पाच-सहा दिवस डोळे मिटून घेतले होते.

रफीकभाईंनी दार लावलं

त्या आठवड्यात वर्गात जैवरेणूंचा धडा चालू होता. शरीर कशाकशाचं बनलं आहे ते मुलांना सांगायचं: कर्बोदकं, प्रथिनं, मेद, न्यूक्लिक आम्लं आणि या सगळ्यांना सामावून घेणारं पाणी. प्रात्यक्षिकात अंड्याच्या पांढऱ्याचं पातळ द्रावण परीक्षानळीत घेऊन तापवतात. पारदर्शक द्रावण बघता बघता पांढरं होतं आणि त्याच्या गुठळ्या होतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती एका ठरावीक घडीत गुंडाळलेली असते. उष्णतेनं घडी मोडते, माळा उलगडतात, एकमेकींत गुंततात आणि पुन्हा सुटत नाहीत. दरवर्षी हेच वाक्य, दरवर्षी मुलं नळीत वाकून बघणार.

आमचे प्रयोगशाळा परिचर रफीकभाई त्या दिवशी नळ्या धुता धुता माझ्याकडे बघत होते. मुलं गेल्यावर म्हणाले, त्यांच्या भाचीचा चेहरा लहानपणी असाच सुजायचा, सकाळी जास्त, दुपारी कमी, आणि शेवटी लघवीत प्रथिन निघालं. मग म्हणाले, "मॅडम, एक बार अपना भी गरम करके देख लो."

दुसऱ्या दिवशी मी घरून लघवीची एक लहान बाटली नेली. तास संपले. रफीकभाईंनी बर्नर पेटवला, धुतलेली नळी आणि चिमटा टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं. ते दार लावणं मी कधी विसरणार नाही. माणसाला काय दिसणार आहे ते त्यांना ठाऊक होतं आणि ते मला एकटीनं पाहू द्यावं हेही त्यांना समजत होतं.

नळीचा वरचा भाग ज्योतीवर धरला. अर्धं मिनिटही लागलं नाही. आधी धूसर झालं, मग दुधासारखं, मग गुठळ्या. मी त्यात नियमाप्रमाणे ॲसेटिक आम्लाचे दोन थेंब टाकले, की क्षारांमुळे आलेला गढूळपणा असेल तर जाईल. गेला नाही.

मी स्टुलावर बसले. बाहेर मैदानात कबड्डी चालली होती. माझ्या डोक्यात एकच विचार येत होता, की श्रुतीची बारावी आहे. श्रुती माझी एकुलती एक मुलगी.

अमरावती

माझा भाऊ अमरावतीला असतो, म्हणून तिथल्या किडनीच्या डॉक्टरांकडे दाखवायचं ठरलं. माझे यजमान गजानन दुकान बंद ठेवून सोबत आले. त्यांचं पाणबुडी मोटारींच्या वायंडिंगचं दुकान आहे. फार कमी बोलतात. बडनेऱ्यापर्यंत ते एवढंच बोलले, की खिडकीतून ऊन लागतंय का.

डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या, बोलायला सरळ. त्यांनी सांगितलं ते असं: रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. ते पाण्याला रक्तात धरून ठेवतं. किडनीची गाळणी ढिली पडली की ते लघवीवाटे जातं, मग पाण्याला धरणारं कुणी उरत नाही आणि ते झिरपून डोळ्यांखाली, पायांत, पोटात साठतं. मला हे सगळं येत होतं. तरी मी पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकत होते. कारण कळायला किडनीचा तुकडा काढून तपासावा लागेल, बरं होण्याची शक्यता चांगली आहे, वेळ मात्र लागेल, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, किती वेळ. त्या म्हणाल्या, "महिन्यांत मोजा, आठवड्यांत नको."

दाखल झाल्यावर पहिली शिकवण लाज सोडण्याची. चोवीस तासांची सगळी लघवी पांढऱ्या कॅनमध्ये साठवायची. कॅनवर नाव लिहिलेलं, खाटेखाली ठेवलेला, भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तिकडे बघणार. पहिल्या दिवशी मी त्यावर ओढणी टाकली. वॉर्डातल्या मावशी ती उचलून म्हणाल्या, "झाकून काय करता बाई, इथं सगळ्यायचं हेच सोनं हाय." त्यानंतर मी ओढणी टाकली नाही.

तुकडा काढायच्या दिवशी पालथं झोपवतात. श्वास घ्या, धरून ठेवा, म्हणतात. पाठीत काहीतरी टक्कन वाजतं, कागदाला टाचणी मारायच्या यंत्रासारखं. दोनदा वाजलं. दुखण्यापेक्षा तो आवाज जास्त भीतीदायक होता. नंतर सारा दिवस हलायचं नाही, उताणं पडून राहायचं. गजानन शेजारी स्टुलावर बसले आणि चमच्यानं मला चहा पाजू लागले. घरी या माणसानं कधी कपसुद्धा उचलून ठेवला नव्हता. चहा संपल्यावर त्यांना काय करावं सुचेना. मग ते अचानक बोलायला लागले. तिवस्याच्या एका शेतकऱ्याची मोटार आली होती, तिची कॉईल कुठे जळाली, तांब्याची तार किती नंबरची लागते, एकेका खाचेत किती वेढे द्यावे लागतात, एक वेढा चुकला तर काय होतं. पाऊण तास ते वेढे मोजत होते. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि त्यांचं काम काय असतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

चार दिवसांनी निदान आलं. त्यातल्या त्यात सौम्य प्रकार निघाला, लहान मुलांमध्ये जास्त आढळणारा. डॉक्टर म्हणाल्या, स्टिरॉइडनं बहुतेकांचं आटोक्यात येतं, मोठ्या माणसांत थोडं उशिरा.

आईंची अंडी

माझ्या सासूबाई, आई, माळकरी आहेत. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. घरी परतल्यावर त्यांनी मला काय झालंय ते विचारलं. मी फळ्यावर सांगते तसं सांगायला गेले, मग ते सोडून साधं सांगितलं, की पाण्याला जागेवर धरून ठेवणारं एक प्रथिन अंगातून निघून चाललंय. त्यांनी गळ्यातली माळ सरळ केली. मग म्हणाल्या, "म्हंजे घर धरून ठेवणारं मानूसच निघून चाललं म्हन." मला हे कुठल्याच पुस्तकात इतकं नेमकं सापडलं नसतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, प्रोटीन जातंय तर प्रोटीन खा, अंडी खा. चांदूर बाजारच्या आत्यानं तर फोनवर रोज सहा अंड्यांचा हिशेब दिला. तिसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले तर आईंनी तीन विटा मांडून चूल पेटवली होती. त्यावर एक जुनं टिनाचं भांडं. गळ्यात माळ तशीच. त्या स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन चार अंडी घेऊन आल्या होत्या. दुकानदारानं दोनदा विचारलं म्हणे, तुमच्यासाठीच का.

त्यांना अंडं सोलायचं कसं ते माहीत नव्हतं. टरफलाबरोबर अर्धं पांढरंही निघून आलं. ओबडधोबड झालेली ती चार अंडी त्यांनी पत्रावळीवर ठेवून माझ्यापुढे सरकवली आणि तोंड फिरवून पेरूच्या झाडाकडे बघत बसल्या. मी चारही खाल्ली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, जास्तीचं प्रथिन खाऊन फायदा नाही. गाळणी ढिली असताना वरून जास्त ओतलं तर जास्तच वाहून जातं आणि किडनीवर ताण येतो. नेहमीचं जेवण जेवा, वरण, उसळ, दूध. सांभाळायचं ते मीठ. घरी येऊन हे आईंना कसं सांगावं याची मला धास्ती होती. त्यांनी ऐकून घेतलं, विटा उचलून कुंपणाशी रचून ठेवल्या आणि म्हणाल्या, "नाई म्हनते तर नाई. पन खाल्ले थे तुले लागले न?" मी म्हटलं, लागले.

त्याच दिवसापासून घरातल्या सगळ्यांचं वरण बिनमिठाचं व्हायला लागलं. मी पुष्कळ सांगितलं की तुमचं वेगळं करा. आई म्हणाल्या की दोन भांडी कोण घासणार. गजानन आणि श्रुती ताटात वरून मीठ घ्यायचे. आई घ्यायच्या नाहीत. वांग्याच्या भाजीत लिंबू पिळून, लसूण जास्त घालून त्या कशीबशी चव आणायच्या आणि माझ्याआधी एक घास खाऊन बघायच्या.

नळ्या

रफीकभाईंनी एका संध्याकाळी घरी येऊन सहा परीक्षानळ्या, एक चिमटा आणि स्पिरिटचा दिवा आणून दिला. प्राचार्यांना विचारून आणलंय, हेही आवर्जून सांगितलं. रोज सकाळी मी नळी तापवायची आणि गजानन वजन घ्यायचे. वजन वाढलं म्हणजे पाणी साठलं, उतरलं म्हणजे निघालं. ते आकडा कॅलेंडरवर दुकानातल्या जाड पेन्सिलीनं लिहायचे. मी त्याच्या शेजारी नळीत काय दिसलं ते लिहायची: गुठळ्या, दुधाळ, धूसर.

एका सकाळी मी श्रुतीला सांगितलं, तुझंही थोडं दे. ती गोंधळली, पण तिनं दिलं. आईच्या अंगात जे बिघडलं ते मुलीकडे गेलेलं असू शकतं का, हे मी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. सहसा नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. पण 'सहसा' या शब्दावर आईचं समाधान होत नाही. तिची नळी तापवली. उकळी आली तरी ती काचेसारखी स्वच्छ राहिली. मी ती खिडकीच्या उजेडाकडे धरून कितीतरी वेळ उभी होते. श्रुतीनं विचारलं की काय बघतेस. मी म्हटलं, काही नाही, छान आहे.

माझ्या रिपोर्टात हळूहळू सगळा धडाच आला. अल्ब्युमिन खाली गेलेलं. ते भरून काढायला यकृत जोरात काम करतं आणि त्या नादात मेदही जास्त सोडतं, म्हणून कोलेस्टेरॉल दुप्पट. गोळ्यांमुळे रक्तातली साखर चढलेली. आणि त्या गोळीचा रेणू तर कोलेस्टेरॉलच्याच घराण्यातला, तीन षटकोन आणि एक पंचकोन एकमेकांना चिकटलेले. फळ्यावर मी तो कितीदा काढला असेल. एवढंसं चित्र माणसाचं काय काय करतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. दिवस बरा जायचा, पण हात थरथरायचे. भूक अशी, की जेवून उठताना पुढच्या जेवणाचा विचार. क्षुल्लक कारणानं राग. एकदा श्रुतीनं पंखा चालू ठेवला म्हणून मी ताट आपटलं. आणि चेहरा. गाल गोल होत गेले, मान जाड झाली, ओठांवर लव आली. ओळखीची एक बाई भाजीबाजारात माझ्या समोरून निघून गेली.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी नळी तापवली आणि काहीच झालं नाही. पुन्हा तापवली. पाण्यासारखी. मी गजाननना हाक मारली. त्यांनी नळी पाहिली, मला पाहिलं आणि कॅलेंडरवर स्वतःच लिहिलं: 'साफ.'

मी केलेली चूक

इथपर्यंतची गोष्ट सांगायला सोपी आहे. पुढची सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं.

गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, हळूहळू कमी करतात. डॉक्टरांनी तक्ता लिहून दिला होता. जानेवारीत श्रुतीच्या कॉलेजात पालकसभा होती. मी साडी काढून ठेवली होती. श्रुती म्हणाली, "आई, तू नको येऊ. बाबा येतीन." मी काही विचारलं नाही. साडी परत कपाटात ठेवली, न्हाणीघरात जाऊन आरशात पाहिलं आणि मला तिचं म्हणणं पटलं. अशा तोंडाची आई कोणाला हवी असेल.

त्या दिवसापासून मी गोळ्या घेणं सोडून दिलं. पाकिटातून रोज मोजून काढायची आणि कुंडीत पुरायची, म्हणजे गजाननना रिकामं पाकीट दिसेल. नळी साफ आहे, मग आता कशाला, असं स्वतःला समजावलं. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि अचानक तोडलं तर ते लगेच सुरू होत नाही, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि वागणं यांत किती अंतर असतं ते मी स्वतःच्या अंगावर शिकले.

आठवड्याभरात उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. नंतर उलट्या. नळीत पुन्हा धूसर दिसलं, ते मी कॅलेंडरवर लिहिलं नाही. दहाव्या दिवशी वर्गात मास्क लावून फळ्याशी उभी असताना खडू हातातून पडला. तो उचलायला वाकले आणि उठले नाही. मुलांनी आणि रफीकभाईंनी मला गाडीत घातलं. बाळापूरहून अकोला, अकोल्याहून अमरावती. वाटेतलं फार थोडं आठवतं. गजानन माझा हात घट्ट धरून बसले होते, इतका की नंतर त्यावर वळ दिसला.

सलाईन लागली, रक्तदाब वर आला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. गजानन तिथेच उभे होते. डॉक्टर गेल्यावर त्यांनी सलाईनची नळी सरळ केली. मग म्हणाले, "मले वाटलं आपन दोघं मिळून हे करून राहिलो. मी रोज त्या कागदावर लिवत होतो. तू मले खोटं लिवू देलं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. मी माफी मागितली. ते बाहेर गेले आणि तासाभरानं दोन संत्री सोलून घेऊन आले. शिरा काढून, बिया काढून, एकेक फोड. त्यांच्यापुरतं ते प्रकरण तिथे मिटलं. माझ्यापुरतं मिटायला बरेच महिने गेले.

श्रुती दुसऱ्या दिवशी मामाबरोबर आली. तिला वडिलांनी सगळं सांगितलं असावं. खाटेच्या कडेला बसून ती रडत म्हणाली की डॉक्टरांनी तुला गर्दीत जाऊ नको म्हटलं होतं, या गोळ्यांवर सर्दीही महागात पडते म्हटलं होतं, आणि सभेला तीनशे लोक येणार होते, म्हणून मी नको म्हटलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. तिला तेव्हा खरोखर तेवढंच म्हणायचं होतं का, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला आईच्या चेहऱ्याचा संकोच वाटला असेल तरी तो मी तिला माफ केलाय. आणि वाटला नसेल तर तिनं मला माफ करायला हवं.

जे कुणी या गोळ्यांवर आहेत त्यांना माझं एकच सांगणं आहे: चेहरा परत येतो. माझा आला, सहा-सात महिन्यांनी, हळूहळू. तोवर आरसा झाका हवं तर, पण गोळी कुंडीत पुरू नका. आणि घरातलं कुणी काही बोललं तर त्याचा अर्थ स्वतः लावण्याआधी त्यालाच विचारा.

सहा महिन्यांनी या

दुसरी फेरी लांबली. पुन्हा पूर्ण गोळ्या, पुन्हा गोल गाल, पुन्हा तक्ता. यावेळी गोळी मी गजाननसमोर घेत असे. त्यांनी कधी तसं सांगितलं नव्हतं, मीच घेत असे. एप्रिलमध्ये नळी साफ झाली. श्रुती बारावी बऱ्यापैकी गुणांनी पास झाली आणि अमरावतीला मामाकडे राहून शिकायला लागली. मी जुलैत कॉलेजात पुन्हा रुजू झाले. वर्षअखेरीस शेवटची गोळी घेतली. पहिल्या सुजेपासून सोळा महिने झाले होते.

परवा तपासणीला गेलो होतो. डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले आणि म्हणाल्या, आता दोन महिन्यांनी नको, सहा महिन्यांनी या. परत सूज किंवा फेस दिसला तर मात्र त्याच दिवशी. मी उठले. त्या लिहिता लिहिता हसून म्हणाल्या, "आणि सासूबाईंना सांगा, त्यांची काही गरज लागली नाही."

मला कळेना. गजानन भिंतीवरच्या तक्त्याकडे बघायला लागले. मग डॉक्टरांनीच सांगितलं.

जानेवारीत मी सलाईनवर पडले होते तेव्हा गजानन त्यांच्याकडे एकटे गेले होते. हातात रक्तगटाची चिठ्ठी. म्हणाले, हिला लागली तर माझी एक किडनी चालेल का. डॉक्टरांनी समजावलं की तशी वेळ मुळीच आलेली नाही, बहुतेक येणारही नाही. आणि तुमचा गट बी, यांचा ओ, तेव्हा तुमची अशी चालायचीही नाही. ते मान हलवून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले ते आईंना घेऊन. आई अकोल्याहून बसनं आल्या होत्या, त्यांच्याही हातात चिठ्ठी. गट ओ. डॉक्टरांनी नुसत्या गटावर काही ठरत नसतं, बऱ्याच तपासण्या असतात आणि वयही बघावं लागतं असं सांगून वय विचारलं. आई म्हणाल्या, "पंचावन."

"आणि हे शेजारी उभे," डॉक्टर गजाननकडे पेन दाखवत म्हणाल्या, "यांनी आदल्या दिवशी स्वतःचं वय अठ्ठेचाळीस लिहून दिलेलं. मी आधार कार्ड मागितलं तर म्हणाल्या, घरी राहिलं."

आम्ही परतीच्या गाडीत बसलो. मूर्तिजापूर गेल्यावर मी विचारलं, मला का नाही सांगितलं. गजानन म्हणाले, आईनं शपथ घातली होती, की सुनेला सांगू नको, तिला ओझं वाटेल.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. रक्तगट म्हणजे काय ते मी वर्गात शिकवते. लाल पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या लहान लहान साखळ्या असतात. गजाननच्या साखळीच्या टोकाला माझ्यापेक्षा एक साखर जास्त आहे. तेवढ्यावरून माझं शरीर त्यांना परकं ठरवणार. आईंची साखळी मात्र माझ्यासारखीच, जिथे माझी संपते तिथेच संपलेली. माझ्या माहेरचं आणि त्यांचं सात पिढ्यांत कुठे नातं नाही. त्यांनी मला पसंत केलं तेव्हा, मुलगी शिकलेली आहे पण जरा तोऱ्याची वाटते, असं त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या, हे मला अजून आठवतं.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. आई ओट्यावर सूप मांडीवर घेऊन तूर निवडत बसल्या होत्या. डॉक्टर काय म्हणाल्या ते गजाननांनी सांगितलं आणि आत गेले. मी पायरीवर आईंच्या शेजारी बसले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सोडून भलतंच विचारलं.

"आई, तुमचं वय किती?"

त्यांनी मान वर केली नाही. एक खडा उचलून अंगणात टाकला.

"कोन विचारते त्याच्यावर हाय," त्या म्हणाल्या. मग सूप थोडं माझ्याकडे सरकवलं. "बस. निवडू लाग मले."